कटिंग टूलचं कोटिंग: रंग बघून नव्हे, झीज बघून निवडा

व्हीएमसीवर (उभ्या स्पिंडलच्या सीएनसी मिलिंग मशीनवर) नवीन आलेल्या मुलाला कोटिंगबद्दल पहिली माहिती मिळते ती रंगाची. सोनेरी म्हणजे साधं, काळं म्हणजे भारी. ही माहिती अर्धीच खरी असल्यामुळे जास्त महागात पडते. तीच भारी काळी एंडमिल (मिलिंगचं दांड्यासारखं कटर) ६०६१ ॲल्युमिनियमवर घातली, तर चिप, म्हणजे कापलेला धातूचा कीस, धारेला चिकटते, फ्लूट (चिप बाहेर पडायची खाच) भरतो आणि टूल तुटायला वेळ लागत नाही. शेजारच्या मशीनवर बिनकोटिंगची, पॉलिश केलेली एंडमिल तोच जॉब निवांत काढत असते. टॅपिंगमध्येही तसंच. तिथे स्पीड एवढा कमी असतो की काळ्या कोटिंगला काम करायला लागणारी उष्णता तयारच होत नाही.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी जुनं टूल कशाने गेलं ते बघा, मग कोटिंग ठरवा, मग धार आणि पकड तपासा. स्पीडला हात सगळ्यात शेवटी. बहुतेक ठिकाणी हा क्रम उलटा होतो: नवीन टूल आलं की पहिल्याच पीसला स्पीड वाढतो, टूल जातं आणि कोटिंगला नावं ठेवली जातात.

हा थर किती आणि कशाचा

माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड (१ मायक्रॉन म्हणजे ०.००१ मिमी). एंडमिल आणि ड्रिलवरचं पीव्हीडी कोटिंग १ ते ५ मायक्रॉन, टर्निंगच्या इन्सर्टवरचं (होल्डरला लावायच्या, बदलता येणाऱ्या धारेच्या तुकड्यावरचं) सीव्हीडी कोटिंग ५ ते २० मायक्रॉन; या दोन पद्धती खाली सांगितल्या आहेत. एवढ्याशा थराने तीन कामं करायची असतात: घासून होणारी झीज रोखायची, चिपची उष्णता आतल्या कार्बाइडपर्यंत (टूलच्या मूळ कडक मटेरियलपर्यंत) कमी पोचू द्यायची, आणि जॉबचं मटेरियल धारेला चिकटू द्यायचं नाही.

१९६९च्या सुमारास टायटॅनियम कार्बाइडचा थर दिलेले कार्बाइड इन्सर्ट बाजारात आले. ते सीव्हीडीचे. या पद्धतीत टूल साधारण १००० अंश सेल्सिअसला तापवून त्यावर वायूंच्या रासायनिक क्रियेतून थर वाढवतात. एचएसएस (हाय स्पीड स्टील) टूल एवढ्या तापमानात नरम पडतं, त्यामुळे ते या रांगेत बसत नव्हतं. १९८०च्या आसपास पीव्हीडी आलं. त्यात निर्वात भट्टीत ४०० ते ५०० अंशांवर धातूची वाफ किंवा आयन करून नायट्रोजनसोबत टूलवर बसवतात. सोनेरी एचएसएस ड्रिल आणि हॉब (गिअरचे दाते कापायचं टूल) तेव्हापासूनचे.

दोन्हींमधला एक फरक पाठ करून ठेवण्यासारखा आहे. सीव्हीडीचा थर गार होताना कार्बाइडपेक्षा जास्त आकसतो, त्यामुळे थरात ताण राहतो आणि त्यात केसासारख्या बारीक भेगा असतात. आता बरेच उत्पादक वरून ब्लास्टिंग करून तो ताण घालवतात, तरी जाड थरामुळे धार थोडी गोलसर राहतेच. पीव्हीडीचा थर उलट दाबाखाली असतो. तो भेग पसरू देत नाही आणि पातळ असल्यामुळे धार तीक्ष्ण राहते. म्हणून अखंड टर्निंगला आणि बिडाला सीव्हीडी. मिलिंग, ड्रिलिंग, थ्रेडिंग, स्टेनलेस आणि एचएसएसला पीव्हीडी. अपवाद आहेत, पण सुरुवातीला एवढं पुरे.

पायरी १: गेलेलं टूल भिंगाखाली धरा

१० पटीचा लूप खिशात ठेवा. २० किंवा ४० पटीचा छोटा यूएसबी मायक्रोस्कोप मिळाला तर उत्तम. टूल आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) किंवा साध्या थिनरने पुसा, धार उजेडाकडे तिरकी धरा आणि मागची बाजू, म्हणजे फ्लँक, आधी बघा.

धारेखाली एकसारखी चकचकीत पट्टी दिसली तर ती फ्लँकची झीज. हे टूलचं नैसर्गिक मरण, यात कोटिंगने फायदा होतो. पट्टी ०.१ ते ०.१५ मिमी झाली की सॉलिड कार्बाइड एंडमिल काढून धार लावायला पाठवावी. टर्निंगच्या इन्सर्टला चाचणीसाठी ०.३ मिमी ही प्रमाण मर्यादा मानतात. सॉलिड टूल तिथवर नेलं तर धार लावताना जास्त कार्बाइड घासावं लागतं, आणि तीनदा धार लागली असती तिथे दोनदाच लागते.

पुढच्या बाजूला, चिप सरकते तिथे खळगा पडला असेल तर तो क्रेटर. तिथे उष्णता आणि रासायनिक झीज काम करत असते. ॲल्युमिनियमचं प्रमाण जास्त असलेलं कोटिंग किंवा ॲल्युमिना थराचा सीव्हीडी इन्सर्ट लागेल.

धारेवर जॉबचाच धातू चिकटून चमकत असेल तर तो बिल्ट-अप एज. नखाने किंवा पितळेच्या काडीने ढकलला की निघतो, आणि निघताना पुष्कळदा कोटिंगचा पापुद्राही नेतो. नवखा माणूस त्याला ‘कोटिंग उडालं’ म्हणतो, पण मूळ कारण कमी स्पीड, कमी फीड किंवा चुकीचं कोटिंग असतं.

धारेला काटकोनात, कंगव्याच्या दात्यांसारख्या समान अंतरावर भेगा दिसल्या तर तो उष्णतेचा धक्का: मिलिंगमध्ये दात कापताना तापतो, बाहेर आल्यावर कूलंटने गार होतो, मिनिटाला हजारो वेळा. कोटिंग बदलण्याआधी कूलंट बंद करून हवा लावून बघा.

आणि धारेचे तुकडे पडले असतील, तेही एकाच दातावर, तर कोटिंगचा विचारसुद्धा करू नका. रनआउट आहे, म्हणजे टूल मध्यावर न फिरता डुलतंय.

पायरी २: मटेरियलप्रमाणे कोटिंग ठरवा

ईएन ८, ईएन २४ आणि पी २०सारखं साधं ते मध्यम स्टील कार्बाइड एंडमिलने कापायचं असेल तर टायटॅनियम ॲल्युमिनियम नायट्राइड किंवा ॲल्युमिनियम क्रोमियम नायट्राइड. पहिलं जांभळट काळं, दुसरं राखाडी. यातली गंमत अशी की धार तापली की पृष्ठभागावरचं ॲल्युमिनियम हवेतल्या ऑक्सिजनशी मिळून ॲल्युमिनाचा अतिपातळ थर तयार करतं, आणि तोच पुढचं ऑक्सिडेशन अडवतो. सोनेरी टायटॅनियम नायट्राइड ५५०-६०० अंशांपर्यंत टिकतं, टायटॅनियम ॲल्युमिनियम नायट्राइड ८०० ते ९०० पर्यंत, ॲल्युमिनियम क्रोमियम नायट्राइड १००० च्या पुढे. टायटॅनियम कार्बोनायट्राइड कडकपणात काळ्याच्या तोडीचं असतं, पण ४०० अंशांच्या आसपासच ऑक्सिडाइझ व्हायला लागतं. म्हणून ते टॅप, पंच आणि कमी स्पीडच्या एचएसएस टूलवर शोभतं, वेगवान मिलिंगला नाही. कॅटलॉगमधला कडकपणाचा विकर्सचा आकडा एकटा वाचू नये तो यासाठीच.

या घराण्यातल्या कोटिंगमध्ये ॲल्युमिनियम किती घालायचं यालाही मर्यादा आहे. पीव्हीडीमध्ये धातूच्या हिश्श्यात ॲल्युमिनियम साधारण ६५-७० टक्क्यांच्या वर गेलं की स्फटिकाची घनाकृती रचना मोडून षट्कोनी होते आणि थर नरम पडतो. कमी दाबाच्या सीव्हीडीने ही मर्यादा ओलांडून ८० टक्क्यांच्या वर ॲल्युमिनियम ठेवूनही घनाकृती थर बसवता येतो. असे इन्सर्ट आता मिलिंगसाठी मिळतात.

एच १३, डी २ ही टूल स्टीलं हार्ड करून ५० एचआरसीच्या (रॉकवेल सी मापावरच्या कडकपणाच्या) वर मिलिंग करायचं असेल तर सिलिकॉन असलेलं कोटिंग घ्या; बहुधा तांब्यासारखा रंग असतो. त्यात नायट्राइडचे काही नॅनोमीटरचे कण सिलिकॉन नायट्राइडच्या काचेसारख्या जाळीत बसवलेले असतात. भेग सरळ जाऊ शकत नाही, दर पावलाला वळावं लागतं. हा थर फार कडक आणि थोडा ठिसूळ असतो, त्यामुळे कंप असलेल्या सेटिंगवर तो वाया जातो. लांब ओव्हरहँगवर, म्हणजे टूल होल्डरबाहेर बरंच असेल तर, साधं काळंच बरं.

स्टेनलेसच्या एसएस ३०४ला पातळ, २-३ मायक्रॉनचं पीव्हीडी आणि तीक्ष्ण धार. राखाडी बिडाला टर्निंगमध्ये जाड सीव्हीडी, आत कार्बोनायट्राइड आणि वर ॲल्युमिना.

ॲल्युमिनियमवर ॲल्युमिनियमयुक्त कोटिंग नको, ते एकमेकांना ओढतात. पॉलिश केलेलं बिनकोटिंगचं कार्बाइड, झिर्कोनियम नायट्राइड, टायटॅनियम डायबोराइड किंवा डीएलसी (हिऱ्यासारख्या कार्बनचा थर) यातलं काही घ्या. पिस्टनसारख्या जास्त सिलिकॉनच्या मिश्रधातूवर, ग्राफाइटवर आणि कार्बन फायबरवर सीव्हीडी डायमंडला तोड नाही. तेच डायमंड स्टीलवर मात्र चालत नाही: तापलेलं लोखंड त्यातला कार्बन खाऊन टाकतं. डायमंड कोटिंगसाठी कार्बाइडही ठरावीक लागतं, साधारण ६ टक्के कोबाल्टचं, आणि कोटिंगआधी पृष्ठभागावरचं कोबाल्ट आम्लाने काढतात. दुकानातली कुठलीही एंडमिल देऊन ‘डायमंड मारून द्या’ म्हणता येत नाही.

अलीकडे कोटिंगच्या पत्रकांवर ‘हायपिम्स’ हा शब्द दिसतो; ही पीव्हीडीचीच एक पद्धत. जुन्या आर्क पद्धतीत धातूच्या वितळलेल्या ठिपक्या टूलवर उडून बसतात, हात फिरवला तर खरखर लागते, आणि चिप तिथे अडते. स्पटरिंग (आयनांच्या माऱ्याने धातूचे अणू उडवून बसवणं) गुळगुळीत असतं, पण थर तेवढा घट्ट बसत नाही. हायपिम्समध्ये स्पटरिंगलाच अगदी थोड्या वेळाचे, प्रचंड शक्तीचे विजेचे झटके देतात. त्यामुळे धातूचे बरेच अणू आयन होऊन टूलवर जोरात बसतात, थर दाट होतो आणि ठिपक्या उडत नाहीत. बारीक एंडमिल, रीमर आणि स्टेनलेस-टायटॅनियमच्या कामात याचे जादा पैसे वसूल होतात. ईएन ८च्या रफिंगला तो खर्च करायचं फारसं कारण नाही.

पायरी ३: धार आणि पकड

ग्राइंडिंगवरून थेट आलेली कार्बाइडची धार वस्तऱ्यासारखी असते, टोकाची गोलाई ३ ते ५ मायक्रॉन. तिच्यावर ३ मायक्रॉनचा दाबाखालचा थर चढवला तर तो कडेवर दोन्ही बाजूंनी ओढला जातो आणि पहिल्याच जॉबला पापुद्रा सुटतो. म्हणून कोटिंगआधी धार ब्रशने, ब्लास्टिंगने किंवा ड्रॅग फिनिशिंगने जराशी गोल करतात. एंडमिलला साधारण ५ ते १५ मायक्रॉन, स्टीलच्या ड्रिलला त्याहून जास्त. ॲल्युमिनियमच्या टूलला ही गोलाई कमीत कमी ठेवतात.

याचा फीडशी थेट संबंध आहे. १० मिमीच्या एंडमिलने बाजूने १ मिमी कापताना दाताला ०.०६ मिमी फीड दिलं, तरी खरी चिप ०.०३६ मिमीच जाड निघते, कारण दात वर्तुळाच्या कडेला कापतो. भीतीपोटी फीड ०.०१५ केलं की चिप ९ मायक्रॉनची होते, म्हणजे धारेच्या गोलाईएवढी. मग टूल कापत नाही, नुसतं घासतं. ‘हळू चालवलं तरी टूल जातंय’ या तक्रारीमागे पुष्कळदा एवढंच असतं.

आता पकड. कोलेट (टूल आवळून धरणारी फटींची नळी) आणि नट रॉकेलने धुऊन कोरडे करा, कोलेटच्या फटीत अडकलेली चिप काढा, टूल बसवून कोलेटच्या अगदी बाहेर शँकवर (टूलच्या दांड्यावर) लिव्हर डायल लावा. १० मिमीच्या कार्बाइड टूलला ०.०१ मिमीच्या आत यायला हवं. धारेजवळ मोजायचं असेल तर स्पिंडल हाताने उलट दिशेने फिरवा, नाहीतर डायलच्या टोकाला अडकून धारच उडते.

दोन फ्लूटच्या टूलला ०.०५ मिमी फीड आणि ०.०२ मिमी रनआउट असेल तर एक दात ०.०७ घेतो आणि दुसरा ०.०३. भारी कोटिंगचे पैसे मोजलेत दोन दातांचे, काम करतोय एक.

पायरी ४: पहिला कट

१० मिमी, ४ फ्लूट, काळं पीव्हीडी कोटिंग, ईएन ८, खोली १० मिमी, बाजूने १ मिमी. सुरुवात १४० मीटर प्रति मिनिटाने करा.

आरपीएम = १४० × १००० ÷ (३.१४ × १०) = साधारण ४४६०. टेबल फीड = ४४६० × ४ × ०.०६ = साधारण १०७० मिमी प्रति मिनिट.

एसएस ३०४ला स्पीड ७०-८० मीटर ठेवा आणि फीड तोडू नका. घासलं की पृष्ठभाग कडक होतो आणि पुढचा दात त्या कडक कातडीतून जातो. ५० एचआरसीच्या एच १३ला ८० ते १०० मीटर, पण बाजूची खोली ०.३-०.५ मिमी. पूर्ण स्लॉट मारायचा असेल तर हे सगळे आकडे खाली आणा. टूल उत्पादकाचं पत्रक हाताशी असेल तर आधी तेच पाळा, हे आकडे नसताना कामाला येतील असे आहेत.

स्टीलच्या मिलिंगमध्ये काळ्या कोटिंगला कोरडी हवा बहुतेक वेळा कूलंटपेक्षा मानवते. हवेचं मुख्य काम चिप उडवणं. एकदा कापलेली चिप परत दाताखाली आली की धारेचा चुरा होतो. स्टेनलेसला, टायटॅनियमला आणि सगळ्या ड्रिलिंगला मात्र कूलंट हवंच, आणि भरपूर हवं. थेंबथेंब कूलंट हा सर्वांत वाईट पर्याय, धार धड गरम राहत नाही की धड गार. प्रमाण रिफ्रॅक्टोमीटरवर बघा: साध्या स्टीलला ६-८ टक्के, स्टेनलेसला ८-१० टक्के. आणि वाचलेला आकडा त्या तेलाच्या गुणकाने गुणा. गुणक डब्यावर किंवा पत्रकावर असतो, आणि तो कोणी गुणत नाही.

पायरी ५: चाचणी घ्या, मत बनवू नका

एका टूलवरून कोटिंग चांगलं की वाईट हे ठरत नाही. प्रत्येक प्रकारची निदान तीन टूलं घ्या, एकाच मशीनवर, एकाच होल्डरमध्ये, एकाच हीटच्या (एकाच वेळी वितळवलेल्या) मटेरियलवर चालवा. दर २५ पीसनंतर फ्लँकची पट्टी मोजून लिहा आणि सगळ्यांना ०.१५ मिमीला थांबवा. ‘आवाज आला म्हणून काढलं’ अशी नोंद चाचणीत धरू नका. आवाज कोणाला कधी येईल सांगता येत नाही.

मग हिशेब. उदाहरणासाठी आकडे धरू. बिनकोटिंगचं टूल २००० रुपयांचं, २०० पीस देतं. कोटिंगचं २४०० रुपयांचं, ३५० पीस देतं. टूल बदलायला ६ मिनिटं लागतात आणि मशीनचा दर तासाला ६०० रुपये, म्हणजे एका बदलाचे ६० रुपये. पहिल्याचा खर्च पीसमागे १० रुपये ३० पैसे, दुसऱ्याचा साधारण ७ रुपये. इथपर्यंत सरळ आहे.

आता कोणी म्हणेल, कोटिंग आहे तर स्पीड २० टक्के वाढवू. स्पीड आणि टूलचं आयुष्य जोडणाऱ्या टेलरच्या सूत्रात कार्बाइडचा घातांक ०.२५ धरला तर स्पीड १.२ पट केल्यावर आयुष्य १.२ च्या चौथ्या घाताने, म्हणजे दोनपटीहून थोडं जास्त कमी होतं. पीस भराभर निघतात म्हणून ३५० चे साधारण २०० होतात, आणि टूलचा खर्च ७ वरून १२ रुपयांवर जातो. कटिंगची ४ मिनिटं ३ मिनिटं २० सेकंदांवर आली, तर मशीनचे पीसमागे ६ रुपये ७० पैसे वाचतात. निव्वळ फायदा दीड रुपया. तेच मशीन तासाला ३०० रुपयांचं असतं तर तोटा झाला असता. जुन्या, स्वस्त मशीनवर कोटिंगचा फायदा आयुष्यातून घ्या; महागड्या मशीनवर, जिथे ऑर्डर रांगेत उभी आहे तिथे, स्पीडमधून घ्या.

पायरी ६: धार लावून पुन्हा कोटिंगला पाठवणं

सगळ्यात जास्त पैसे वाचतात आणि सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो इथेच. धार लावल्यावर कोटिंग कुठून गेलं ते आधी समजून घ्या. ड्रिलचं फक्त टोक घासलं जातं: फ्लूटमधलं, म्हणजे चिप सरकणाऱ्या बाजूचं कोटिंग शाबूत राहतं, फ्लँकचं जातं. हॉबला उलट, त्याचा पुढचा चेहरा घासतात आणि फ्लँकचं कोटिंग टिकतं, म्हणून हॉब पुन्हा कोट न करताही बऱ्यापैकी चालतो. एंडमिलची बाहेरची धार घासली की कोटिंग नेमकं लागतं तिथूनच जातं. ती पुन्हा कोट केल्याशिवाय जुन्या स्पीडवर लावू नका.

ग्राइंडिंगवाल्याला तीन गोष्टी विचारा. धारेवर बर (धातूची उरलेली बारीक कड) राहिली आहे का? बरवर बसलेलं कोटिंग बरसोबतच जातं. कार्बाइड तेलात घासलं की पाण्यात? पाण्याच्या कूलंटमध्ये पृष्ठभागावरचं कोबाल्ट झिरपून जाऊ शकतं, आणि मग थराला धरायला काही उरत नाही. आणि एचएसएसवर ग्राइंडिंगचा जळका पट्टा आहे का? असेल तर परत पाठवा, त्यावर कोटिंग टिकणार नाही.

पॅकिंगला माणसं फार हलकं घेतात. प्रत्येक टूल वेगळ्या प्लास्टिक नळीत. दोन कार्बाइड टूलं एकमेकांवर आपटली की धारा उडाल्याच. वर पातळ गंजरोधक तेल चालेल. मेण, सिलिकॉनचा स्प्रे, स्टिकर, मार्करची शाई आणि ऑइल पेंट नको. एचएसएस टूल डीमॅग्नेटाइझ करा, नाहीतर ग्राइंडिंगचा बुरा धारेला चिकटून राहतो आणि कोटिंग त्याच्यावर बसतं. कूलंटच्या आतल्या छिद्रांतून हवा मारून घ्या. तिथलं तेल निर्वात भट्टीत वाफ होऊन बाहेर येतं आणि आजूबाजूचा अख्खा लॉट खराब करतं. वाफेने काळा केलेला एचएसएस ड्रिल असेल तर तो ऑक्साइड आधी काढावा लागतो.

चलनावर मटेरियल, आधीचं कोटिंग, हवी ती जाडी आणि कुठे कोटिंग नको ते लिहा. ब्रेझ केलेलं (झाळ देऊन जोडलेलं) टूल असेल तर ठळक लिहा. काही ब्रेझिंग मिश्रधातूंत कॅडमियम किंवा झिंक असतं. भट्टीच्या तापमानाला निर्वातात ते उडतं आणि पंपापासून शेजाऱ्याच्या टूलपर्यंत सगळीकडे बसतं. हे न सांगता दिलेलं एक टूल पुरेसं असतं.

फॉर्म टूल किंवा पंच असेल तर त्याचं टेंपरिंग तापमान लिहाच. ओएचएनएस (तेलात हार्ड करायचं टूल स्टील) साधारण १५०-२०० अंशांना टेंपर करतात. ४५० अंशांच्या भट्टीतून ते नरम होऊन येईल, वर कोटिंग सुंदर आणि खाली पोकळ आधार. डी २ कोट करायचं असेल तर हीट ट्रीटमेंटच्याच वेळी ५०० अंशांच्या वर टेंपर करून घ्या. एचएसएसला ही अडचण नाही, ते ५५० अंशांच्या आसपास टेंपर झालेलं असतं.

जुनं कोटिंग काढून नवं चढवायचं की त्याच्यावरच चढवायचं, हे कोटिंगवाल्याशी बोलून ठरवा. एचएसएसवरचं रसायनाने सहज निघतं. कार्बाइडवरून काढताना तेच रसायन कोबाल्टही खातं, म्हणून वेळ आणि तापमान फार जपावं लागतं. थरावर थर चढवत गेलं तर तीन-चार खेपांनंतर धार गोल होते आणि आतला ताण वाढून पापुद्रे सुटतात. एका टूलला किती खेपा झाल्या ते नळीवर लिहीत जा.

पायरी ७: परत आलेलं टूल तपासा

आधी लॉटमधली सगळी टूलं शेजारी ठेवा. एकाचाच रंग वेगळा, किंवा एका बाजूला फिकट असेल तर ते भट्टीत नीट फिरलं नसेल. मग लूपने धार बघा. पांढरट ठिपके म्हणजे थर सुटलेला.

जाडीचा आणि पकडीचा अहवाल मागा. हे दोन्ही लॉटसोबत ठेवलेल्या चाचणी तुकड्यावर होतात, तुमच्या टूलवर नाही. जाडीसाठी ३० मिमी व्यासाची पोलादी गोळी हिऱ्याच्या पेस्टसह फिरवून थरात छोटी वाटी पाडतात आणि वरून दोन वर्तुळं मोजतात. बाहेरच्या वर्तुळाच्या एका कडेपासून आतल्या वर्तुळाच्या जवळच्या कडेपर्यंत ०.१५ मिमी आणि दूरच्या कडेपर्यंत ०.६० मिमी निघालं, तर दोन्हींचा गुणाकार भागिले गोळीचा व्यास: ०.१५ × ०.६० ÷ ३० = ०.००३ मिमी, म्हणजे ३ मायक्रॉन. पकडीसाठी रॉकवेल सी मशीनवर १५० किलोचा ठसा उमटवून भोवतीच्या भेगा बघतात. पकडीची श्रेणी एचएफ १ ते ४ असेल तर चालतं. ५ आणि ६ मध्ये ठशाभोवती थराचे तुकडेच उडालेले दिसतात, तो लॉट घेऊ नका.

रीमर असेल तर मायक्रोमीटर लावाच. बाजूला ३ मायक्रॉन म्हणजे व्यासाला ६ मायक्रॉन वाढ. १० मिमी एच ७ भोकाची सगळी सूट १५ मायक्रॉनची, त्यातले ६ कोटिंगने खाल्ले. ग्राइंडिंगच्या वेळी तेवढा आकार कमी ठेवायला सांगायचं असतं. कोटिंग झाल्यावर सांगून उपयोग नाही. एंडमिलचा व्यास उलट, धार लावल्यामुळे कमी झालेला असतो. १० ची ९.७२ झाली असेल तर ते नळीवर लिहा, आणि सेटिंगवाल्याने मशीनच्या ऑफसेट पानावर त्रिज्या ४.८६ टाकली आहे की जुनी ५.००० च आहे, हे पहिला पीस चढवण्याआधी स्क्रीनवर बघून घ्या.